पाटी बदलली, देणे कोणाचे?

मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. निरनिराळ्या प्रांतांतून व्यापारी येतात, घोड्यांना भारदस्त नावे दिलेली असतात आणि त्या नावांचा गाजावाजाही पुष्कळ होतो. परंतु घोडा घेणारा जाणता माणूस नावाचे पैसे मोजीत नाही. तो दात पाहून वय ठरवितो, अंगावरील भोवरे पाहतो, चालवून पाहतो, मगच सौद्याला बसतो. नाव मालकाच्या मर्जीने बदलता येते. दात बदलता येत नाहीत, हे त्याला ठाऊक असते.

घोड्याच्या बाजारात सर्वांना अवगत असलेले हे शहाणपण कारखान्याच्या फाटकापाशी मात्र उपयोगी पडत नाही. एके दिवशी फाटकावरील पाटी बदलते, पगारपत्रकावर नवे नाव येते, उसाच्या काट्यावरील पावतीचा मथळा बदलतो. थकलेल्या मजुरीची वा उसाच्या बिलाची चौकशी करणाऱ्याला उत्तर मिळते : “ती जुनी कंपनी होती.” हे उत्तर खरे की खोटे, हे पडताळण्याचे साधन त्या कष्टकऱ्याच्या हाती कोणी दिलेले नसते. म्हणूनच कंपनीचे नाव बदलणे हा केवळ वकील आणि हिशेबनीस यांच्या टेबलावरचा विषय आहे, असे मानून चळवळीने त्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

कायदा काय म्हणतो?

नाव बदलण्याची रीत कायद्याने आखून दिली आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३ प्रमाणे भागधारकांच्या सभेत विशेष ठराव व्हावा लागतो. म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मते ठरावाच्या बाजूने पडावी लागतात. नवे नाव दुसऱ्या कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नसावे. त्यानंतर शासनाची लेखी मंजुरी घ्यावी लागते आणि कंपनी निबंधक नव्या नावाचे प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र मिळेपर्यंत नाव बदलले असे कायदा मानीत नाही, मग फाटकावर पाटी कोणतीही लागलेली असो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नाव बदलल्याने कंपनी बदलत नाही. तिचे हक्क, तिची देणी, तिने केलेले करार आणि तिच्यावरील दावे जसेच्या तसे राहतात. १९५६च्या कायद्यातील कलम २३ मध्ये हे तत्त्व स्पष्ट शब्दांत होते, आणि नव्या कायद्यानेही कंपनीचे कायदेशीर व्यक्तित्व नावाला बांधलेले नाही. सहकारी संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या १९६०च्या अधिनियमातील कलम १५ हेच सांगते : नाव बदलल्याने संस्थेचे वा सभासदांचे हक्क आणि दायित्वे यांवर परिणाम होत नाही, आणि चालू दावे नव्या नावाने पुढे चालतात. तेव्हा केवळ नाव बदललेल्या कंपनीचा अधिकारी “ती जुनी कंपनी होती” असे म्हणत असेल, तर त्याच्या म्हणण्याला कायद्यात कवडीचा आधार नाही.

खानदेशातील दोन उदाहरणे

हे तत्त्व पुस्तकी नाही. तापीला मिळणाऱ्या बोरी नदीच्या काठचे अमळनेर ही साने गुरुजींची कर्मभूमी. तेथे वनस्पती तूप तयार करणारी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली. १९७७ साली ती ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाली आणि पुढे १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात नुसती ‘विप्रो’. तुपापासून संगणकापर्यंतच्या या प्रवासात अमळनेरच्या ज्या सामान्य कुटुंबांनी जुन्या नावाचे भाग जपून ठेवले, त्यांचा हक्क नावाबरोबर वाहून गेला नाही. उलट त्या भागांचे मोल कितीतरी पटींनी वाढले. भागाच्या कागदावर कोणते नाव छापले होते, हा प्रश्नच उद्भवला नाही. भांडवलाच्या हक्काची ओळख नाव बदलल्याने पुसली जात नाही, याचे याहून बोलके उदाहरण खानदेशात दुसरे नसेल.

याच कंपनीच्या इतिहासात उलट दिशेचा धडाही आहे. २०१३ साली तिचा साबण, दिवे इत्यादी ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या स्वतंत्र कंपनीकडे गेला. नाव सारखे, पण कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती वेगळी. म्हणजे नाव निराळे असून कंपनी एकच असू शकते, आणि नाव एकसारखे असून कंपन्या दोन असू शकतात. नावावरून निर्णय करणारा दोन्ही वेळा फसतो.

दुसरे उदाहरण सारंगखेड्याला अधिक जवळचे. नंदुरबारजवळ समशेरपूर येथे पुष्पदंतेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तो कर्जात बुडाला आणि राज्य सहकारी बँकेच्या थकबाकीपोटी विकला गेला. पुढे ‘अॅस्टोरिया’ आणि त्यानंतर ‘आयान’ या नावांनी तेथे गाळप झाले. बोलीभाषेत लोक म्हणतात, “कारखान्याचे नाव बदलले.” वास्तविक येथे नाव बदललेले नाही, मालक बदलला आहे. सहकारी कारखान्यात शेतकरी सभासद होता, भागधारक होता, निदान कागदोपत्री तरी मालक होता. खासगी कारखान्यात तोच शेतकरी केवळ ऊस पुरवणारा ठरतो. धुराडे तेच, काटा तोच, वाटही तीच. परंतु सभासदत्वाचा भाग नव्या मालकाकडे आपोआप जात नाही. अशा विक्रीनंतर जुनी देणी कोणी द्यावयाची, हे विक्रीच्या अटींवर आणि त्या त्या कायद्यावर अवलंबून असते. ‘नाव बदलले’ या दोन शब्दांत हा सगळा फरक झाकला जातो.

कागदावरील नाव बदलल्याने माणसाचे काय होते, हे शहादे तालुक्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. सातबाऱ्यावरील नाव बदलले आणि आदिवासीची जमीन गेली, हा या परिसराचा इतिहास आहे. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ साली उभी राहिलेली श्रमिक संघटना यांचा लढा त्या अन्यायाविरुद्ध होता. त्याच काळात, १९७४ साली, अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. कागद वाचता येणे हाच तेव्हा लढ्याचा एक भाग होता, आजही आहे.

दात कसे पाहावेत?

कंपनीलाही दात असतात. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला एकवीस अक्षरांकांचा ओळख क्रमांक दिलेला असतो. त्याला व्यवहारात सीआयएन म्हणतात. त्यात राज्याची खूण, स्थापनेचे वर्ष आणि अखेरीस सहा आकडी नोंदणी क्रमांक असतो. केवळ नाव बदलले असेल, तर स्थापनेचे वर्ष आणि हा सहा आकडी क्रमांक तोच राहतो. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात नेलेले नसताना वर्ष आणि क्रमांक दोन्ही निराळे दिसले, तर समोर उभी आहे ती दुसरीच कंपनी. कलम १२ प्रमाणे कंपनीच्या पत्रांवर, बिलांवर आणि सूचनांवर हा क्रमांक छापणे बंधनकारक आहे. गेल्या दोन वर्षांत नाव बदलले असेल, तर नव्या नावाबरोबर जुने नावही लिहिले पाहिजे. इतकेच नव्हे, तर कार्यालयाबाहेरील पाटी त्या भागात प्रचलित असलेल्या भाषेच्या लिपीतही असली पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यात याचा अर्थ देवनागरी पाटी, हे सांगावयास नको.

कंपनी तीच असल्याचे सिद्ध झाले, तर जुने देणे तिच्याचकडून वसूल करावयाचे, आणि अर्जात ‘अमुक कंपनी (पूर्वीचे नाव तमुक)’ असे दोन्ही उल्लेख करावयाचे. कंपनी वेगळी निघाली, तर लढ्याची वाट बदलते. उपक्रम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्यास कामगाराची नोकरी अखंड आणि पूर्वीपेक्षा उणी नसलेल्या शर्तींवर चालू राहिली पाहिजे, अन्यथा भरपाई मिळाली पाहिजे, हे तत्त्व १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५-एफएफ मध्ये होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आले आहे. दोन वाटांपैकी कोणती आपली, हे आधी न ठरविल्यामुळे चुकीच्या नावावर केलेले अर्ज वर्षानुवर्षे धूळ खात पडतात.

कोणाची काळजी, कोणाची उपेक्षा

प्रश्न असा की कायद्याने हे ओझे कष्टकऱ्याच्याच डोक्यावर का ठेवावे? कंपनी स्थापनेच्या २०१४च्या नियमांपैकी नियम २९ पाहावा. ज्या कंपनीने वार्षिक विवरणपत्रे दाखल केलेली नाहीत, किंवा मुदत संपलेल्या ठेवी, कर्जरोखे वा त्यांवरील व्याज परत केलेले नाही, तिला नाव बदलता येत नाही. तरतूद योग्यच आहे. देणेकऱ्याने तोंडावर नवा मुखवटा चढवून निसटू नये, हे शासनाला पटलेले आहे. परंतु हा न्याय ठेवीदारापाशीच येऊन थांबतो. कामगाराचा थकलेला पगार, न भरलेला भविष्य निर्वाह निधी, उपदान, उसाची थकीत किंमत, यांचा त्या नियमात उल्लेखही नाही. बँकेतून कर्ज काढून ऊस लावणारा शेतकरी, कोयता घेऊन खानदेशातून बारडोलीपर्यंत जाणारा आदिवासी तोडणी मजूर, हे कंपनीचे धनको नव्हेत काय? १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाची किंमत चौदा दिवसांत द्यावयाची असते आणि विलंबावर शेकडा पंधरा दराने व्याज द्यावयाचे असते. ते व्याज बुडवणाऱ्या कंपनीला नवे नाव घेण्यास नियम २९ची आडकाठी नाही!

शेअरबाजारातील गुंतवणूकदाराची काळजी त्याहूनही बारकाईने घेतली जाते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अनेक कंपन्यांनी नावात संगणकीय शब्द घालून भाव फुगवले, तेव्हा ‘सेबी’ जागी झाली. सूचिबद्ध कंपनीला एकदा नाव बदलल्यावर वर्षभर पुन्हा बदलता येत नाही, आणि नवे नाव नव्या धंद्याचे सूचक असेल, तर निदान निम्मे उत्पन्न त्या धंद्याचे किंवा निदान निम्म्या मालमत्तेइतकी गुंतवणूक त्या धंद्यात असावी लागते. आणि नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी जुळत असेल तर? कलम १६ प्रमाणे ते बदलण्याचा आदेश निघतो. तीन महिन्यांत तो पाळला नाही, तर २०२१पासून शासन स्वतःच ‘ओआरडीएनसी’ या अक्षरांनी सुरू होणारे, आदेश न पाळल्याची ग्वाही देणारे नाव त्या कंपनीवर लादते. व्यापारचिन्हाच्या मालकाला एवढे संरक्षण, आणि जुने नाव न छापून कामगाराला अंधारात ठेवणाऱ्या कंपनीला दंड किती? दिवसाला १,००० रुपये, आणि तोही अधिकात अधिक १ लाख! कायद्याला नजर आहे. ती कोणाकडे वळते, एवढाच प्रश्न आहे.

शासनाने मनात आणले तर काय करता येते, याचे दाखले मुंबईतच आहेत. ‘एस्सो’चा उपक्रम १९७४ साली राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि ‘हिंदुस्तान पेट्रोलियम’ हे नाव आले. १९७६ साली ‘बर्मा-शेल’ची पाळी आली आणि पुढच्या वर्षी ‘भारत पेट्रोलियम’ हे नाव रूढ झाले. तेथे नाव आणि मालक दोन्ही बदलले. तरीही कर्मचाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तिवेतनादी हक्क यांची तरतूद संसदेने त्या कायद्यांतच करून ठेवली. पाटी बदलण्यापूर्वी माणसांचा विचार झाला. जे राष्ट्रीयीकरणाच्या वेळी शक्य होते, ते खासगी कंपनीच्या नामांतराच्या वेळी अशक्य का ठरावे?

काय करावयास हवे?

मागण्या साध्या आहेत. नियम २९ मध्ये थकीत वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि शेतमालाची थकीत किंमत यांचा समावेश व्हावा. ही देणी चुकती झाल्याखेरीज नवे नाव मिळू नये. नाव बदलण्याच्या ठरावाची सूचना भागधारकाला जशी एकवीस दिवस आधी जाते, तशीच ती मराठीतून फाटकावर, कामगार संघटनेकडे आणि ऊस येतो त्या गावांच्या ग्रामपंचायतींकडे जावी. जुने नाव दोन वर्षांपुरते नव्हे, तर त्या नावावरील शेवटचे देणे फिटेपर्यंत पाटीवर आणि पावतीवर राहावे. आणि दंड असा असावा की तो भरणे हे जुने नाव छापण्यापेक्षा स्वस्त पडू नये.

कायदा बदलेपर्यंत थांबून मात्र चालणार नाही. शहादे, नंदुरबार, दोंडाईचा या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील साखर कारखाने, जिनिंग आणि इतर उद्योग यांची यादी करावी आणि प्रत्येक कंपनीचा ओळख क्रमांक तीत टिपून ठेवावा. ही माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीपत्रके, काट्याच्या पावत्या फेकून न देण्याचे प्रत्येक कामगाराला आणि शेतकऱ्याला बजावावे. काम कंटाळवाणे आहे. त्यात सभा नाही, घोषणा नाही. परंतु ज्या दिवशी नव्या पाटीखालील अधिकारी “ती जुनी कंपनी होती” असे म्हणेल, त्या दिवशी त्याच्या टेबलावर जुनी पावती आणि न बदललेला तो सहा आकडी क्रमांक शेजारी शेजारी ठेवता आला पाहिजे. नाव मालकाचे असेल. देण्याची आठवण कष्टकऱ्यांच्या संघटनेनेच ठेवावयाची असते.