मोटारींतला हीटर थंड पडतो तेव्हां

“पुण्याच्या हवेंत मोटारीला हीटर हवा कशाला?” हा प्रश्न आमच्या घरीं प्रथम निघाला तो जुनी मोटार दारांत आली त्या दिवशीं. थोरल्या बंधूंचें म्हणणें, आपल्याकडे थंडी ती केवढी, आणि पडते तरी किती दिवस! वहिनींनीं पंख्याचें बटण फिरवून वारा येतो एवढी खात्री करून घेतली, आणि विषय तेवढ्यावरच मिटला. पुढें तो आम्हांस चांगलाच महागांत पडला. ती हकीकत ओघानें येईलच. आज तो काढण्याचें कारण असें, कीं गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतून जुन्या मोटारींतील ऊब आणि गारवा यांविषयीं बऱ्याच तक्रारी आल्या आहेत. कोणाचा हीटर सदा कोमट. कोणाच्या गाडींत पायाखालचा गालिचा ओला. नागपूरच्या एका भगिनीस दर उन्हाळ्यांत थंड हवेच्या यंत्रांत गॅस भरावा लागतो. या सर्वांस एकत्रच उत्तर देणें सोयीचें होईल.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या मोटारीचें इंजिन पाण्यानें थंड ठेवलेलें असतें, तिच्यांतील हीटरला स्वतःची शेगडी नसते. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा मोठा भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतच नाहीं. तो धुराबरोबर निघून जातो किंवा इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत उतरतो. हें पाणी पुढच्या जाळींत, म्हणजे रेडिएटरमध्यें, जाऊन निवतें व परत येतें. त्याच पाण्याचा एक फांटा दोन रबरी नळ्यांनीं डॅशबोर्डामागें नेलेला असतो. तेथें दुसरी एक लहान जाळी असते. पंखा तिच्यावरून वारा सोडतो, आणि तो ऊन होऊन आपल्या पायांशीं येतो. बंबाशेजारीं मांजर निजावें, तसा हीटर इंजिनाच्या उबेवर जगत असतो. म्हणून तो थंड पडला म्हणजे बिघाड त्याचाच आहे असें समजूं नये. पुष्कळदां ती बंबांतील पाण्याची वार्ता असते.

ही अक्कल आम्हांला पसरणीच्या घाटांत आली. तीन वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आत्याबाईंना क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत न्यावयाचें ठरलें. त्यांचें वय तेव्हां ८२ वर्षांचें. गुडघे दुखरे, पण हौस दांडगी. पहाटेच पुणें सोडलें. वाई मागें टाकून चढण लागली, तेव्हां हीटर चालू होता. निम्म्या घाटांत आत्याबाई म्हणाल्या, “अरे, पायांशीं गार वारा येऊं लागला.”

“आत्याबाई, आपण वर चढतों आहोंत. थंडी वाढायचीच. शाल नीट घ्या.”

“थंडीचा वारा निराळा रे. मघांचा ऊन वाराच गार झाला आहे.”

मीं उष्णतेच्या कांट्याकडे पाहिलें. तो नेहमींच्या जागीं, किंबहुना किंचित् खालींच होता. वहिनींनीं घोंगडी काढून त्यांच्या पायांवर घातली, आणि मीं गाडी तशीच दामटली. पांचसात मिनिटांत कांटा एकाएकीं लाल रेघेपर्यंत गेला, पुढून वाफेचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलें.

वाईहून आलेल्या वृद्ध मिस्त्रींनीं जें सांगितलें तें असें. रेडिएटरची खालची जुनी नळी सांध्याशीं चिरली होती, आणि पाणी रस्त्यावर सांडत आलें होतें. पातळी उतरतांच हीटरच्या फांट्यांत पाण्याऐवजीं हवा शिरली. म्हणून पहिली थंडी तेथें पडली. कांटा तर पाण्याचीच उष्णता सांगणार. ज्या खुंटीवरून त्याला खबर मिळते ती कोरडी पडल्यावर त्यानें सांगावें तरी काय? इंजिनाचें डोकें वाकलें होतें आणि त्याखालील गॅस्केट जळून गेलें होतें. मोटार आठ दिवस वाईस राहिली. आम्ही भाड्याच्या गाडीनें घरीं परतलों, दर्शन राहिलें. पुढच्या पावसाळ्यांत आत्याबाई न्हाणीघरांत पडल्या, आणि आतां त्या उंबऱ्याबाहेर जात नाहींत. त्या दिवसाबद्दल त्यांनीं मला एका शब्दानेंही बोल लावलेला नाहीं. लावला असता तर बरें झालें असतें.

तेव्हां हीटर चालू असतां ऊन वारा अकस्मात् गार झाला, तर कांटा कांहींही सांगो, सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी व इंजिन बंद करावें. निदान अर्धा तास तरी रेडिएटरच्या झांकणाला हात लावूं नये. इंजिन नीट निवलें नसेल तर आणखी थांबावें. तें झांकण म्हणजे प्रेशर कुकरचेंच भावंड आहे. दाबाखालीं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाहीं. झांकण सैल होतांच दाब उतरतो, आणि तें सारें एकदम उसळून तोंडावर येतें. कुकर शिटी होतांच उघडूं नये हें घरांतील दहा वर्षांच्या मुलीस कळतें, पण रस्त्यावर मोठमोठे शहाणे तें विसरतात. याच्या उलट, कांटा चढतो आहे पण हीटरचा वारा चांगला कढत आहे, तर पाणी अद्याप खेळतें आहे असें धरावें. अशा वेळीं गारव्याचें यंत्र बंद करून, कांचा उघडून, हीटर पूर्ण सोडावा. ती लहान जाळी दुसऱ्या रेडिएटरचें काम करते, आणि थांबण्याजोगी जागा येईपर्यंत इंजिनाला थोडा विसांवा मिळतो. प्रवाशांना घाम फुटतो, तो सोसावा.

आतां सदा कोमट राहणाऱ्या हीटरविषयीं. इंजिनांतून पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट नांवाची एक झडप असते. तिच्या पोटांत मेण भरलेलें असतें. गाडीगणिक फरक असला तरी पाणी सुमारें ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलें, कीं मेण फुगून झडप उघडते. तोंवर पाणी रेडिएटरकडे जात नाहीं व इंजिन लौकर तापतें. आपल्याकडील कित्येक मिस्त्री “उष्ण मुलखांत ही कशाला?” म्हणून ती काढूनच टाकतात. मग इंजिन योग्य उष्णतेला पोंचत नाहीं, पेट्रोल अधिक जळतें, आंतील भाग लौकर झिजतात, आणि हीटर कोमट राहतो तो वेगळाच. आमच्याही गाडींतून पूर्वींच्या मालकानें ती काढलेली होती असें वाईस उघडकीस आलें. परीक्षा सोपी आहे. सकाळीं थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीकडे लक्ष ठेवावें; पदर व ओढणी मात्र पंख्यापासून दूर असावी. नळी कांहीं मिनिटें गार राहून मग एकदम तापली तर झडप शाबूत आहे. पहिल्यापासून हळूहळू ऊन होत गेली तर झडप नाहीं, किंवा उघडी अडकली आहे. काढलेली झडप तपासावयाची असेल तर टाकाऊ भांड्यांत दोऱ्यानें पाण्यांत टांगून शेगडीवर ठेवावी. तापमापक लावला तर ती किती अंशांवर उघडते तें डोळ्यांनीं दिसतें. भांडें मात्र पुन्हा स्वयंपाकघरांत आणूं नये, कारण कूलंट हें विष आहे.

झडप ठीक असूनही वारा गार असेल, तर इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या जपून चांचपाव्या. दोन्ही कढत असतील तर पाणी येतें आहे. दोष आंतील पडद्याचा किंवा तो फिरविणाऱ्या तारेचा. जुन्या गाड्यांत ही तार खुंटीवरून निसटणें फार सामान्य आहे. एक कढत आणि दुसरी गार असेल तर वाटेंतील तोटी बंद आहे किंवा जाळी गाळानें तुंबली आहे. वर्षानुवर्षें विहिरीचें किंवा बोअरिंगचें पाणी घातल्याचें हें फळ. बंबाच्या आंत जसा क्षार बसतो तसाच तेथें बसतो. पुढें कूलंट घालतांना त्यांत शुद्ध केलेलें डिस्टिल्ड पाणीच मिसळावें.

ओल्या गालिच्याचीं कारणें दोन, आणि त्यांतील भेद नाकानें व बोटांनीं कळतो. ओल साध्या पाण्याची, बिनवासाची असेल व गारव्याचें यंत्र चालविल्यावरच येत असेल, तर त्या यंत्राची निचऱ्याची नळी चोंदली आहे. ती साफ करणें हें थोड्या वेळाचें काम. परंतु ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आंतून तेलकट धुकें धरत असेल, तर हीटरची जाळीच गळते आहे. ही दुरुस्ती खर्चाची, कारण बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरावा लागतो. ती होईपर्यंत पाण्याची पातळी रोज पाहावी, आणि रांगत्या मुलास त्या गालिच्यावर सोडूं नये.

पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर फिरतो, अशी एका गृहस्थांची तक्रार आहे. पंखा बदलूं नये. लहान वेगांसाठीं वीज कमी करणारा रेझिस्टर जळला आहे. मोठ्या वेगाची वीज त्याला वगळून जाते, म्हणून तेवढाच चालतो.

एक गोष्ट हीटरची नव्हे, तरी येथेंच सांगितली पाहिजे. जुन्या गाडीच्या धुराच्या नळीला भोंक पडलें असेल तर कार्बन मोनॉक्साइड आंत शिरूं शकतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. काचा लावून, इंजिन चालू ठेवून, उबेसाठीं वा गारव्यासाठीं गाडींत कोणीही निजूं नये. प्रवासांत दोघातिघांचें डोकें एकदम दुखूं लागलें तर ऊन बाधलें असें न म्हणतां आधीं काचा उघडाव्या.

राहिली गारव्याची गोष्ट. मोटारींत यांत्रिक गारवा कारखान्यांतूनच बसवून देण्याचा पहिला मान अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारीचा, १९४० च्या नमुन्याचा. त्या यंत्रानें सामानाची बरीच जागा खाल्ली होती, आणि तें बंद ठेवावयाचें तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे! आजच्या यंत्रांत ती यातायात नाहीं, पण मूळ तत्त्व तेंच: गॅस बंद वाटेनें फिरत राहतो, पेट्रोलासारखा खर्च होत नाहीं. म्हणून नागपूरच्या भगिनींनीं ध्यानांत घ्यावें, कीं दर वर्षीं गॅस भरावा लागतो याचा अर्थ तो दर वर्षीं कोठून तरी गळतो. गळती न शोधतां भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरींत ओतलेलें पाणी. गाडी १९९० च्या आसपासची असेल तर तिच्यांत मूळचा गॅस आर-१२ असण्याचा फार संभव. ओझोनच्या थरास बाधक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें त्याचें उत्पादन विकसनशील देशांतही २०१० पर्यंत बंद झालें. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए तसाच वर ओतून चालत नाहीं. जुना गॅस रीतसर काढावा लागतो व त्याबरोबरचें तेलही बदलावें लागतें. शिवाय गाडी धांवतांना गारवा चांगला आणि सिग्नलपाशीं उभी राहतांच नाहींसा, असें असेल तर गॅसला हात लावण्याआधीं पुढच्या जाळीसमोरचा विजेचा पंखा फिरतो कीं नाहीं तें पाहावें, आणि जाळींतील धूळ व किडे मंद धारेनें धुऊन काढावे. एवढें करूनही गॅस भरावाच लागला, तर पैसे देण्यापूर्वीं गळती कोणत्या सांध्याला सांपडली तें पावतीवर लिहून मागावें.