प्रश्न विचारला, पुढे काय?

विधिमंडळातला आरोग्यावरचा तारांकित प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो. अमुक रुग्णालयात डॉक्टरांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरेही बहुधा ठरलेली : ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागाची बातमी होते. विलंबाच्या कारणांचा पाठपुरावा मात्र क्वचितच होतो.

हा अधिकार सुखासुखी मिळालेला नाही. १८६१ च्या कायद्यानुसार कायदेमंडळावर नेमलेल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. १८९२ मध्ये ती मिळाली, पण उपप्रश्नाविना. तो हक्क १९०९ मध्ये आला, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरता.

या तोकड्या चौकटीतही काय साधते, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दाखवले. १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सरकार शिलकी अंदाजपत्रक मिरवत असताना, दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांतली ही शिल्लक म्हणजे रयतेवरच्या जादा कराचा पुरावा आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १८८८ च्या करवाढीचा गरिबाच्या मिठावर काय परिणाम झाला, हे त्यांनी खपाच्या आकड्यांतून दाखवले आणि वर्षानुवर्षे मुद्दा लावून धरला. कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड, तर १९०७ मध्ये एक रुपया झाला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे; पण त्यांनी सरकारला स्वस्थ बसू दिले नाही, हे निश्चित.

सीताराम केशव बोले यांचा धडा अधिक बोलका आहे. सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा त्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. अंमलबजावणी रखडली. १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले : ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखा! महाडच्या नगरपालिकेने तळे कागदोपत्री खुले केले होते. तिथले पाणी लोकांनी प्रत्यक्ष प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी, मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळगाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. त्याच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये कायदा झाला.

आज रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी गंभीर आजारात मंडणगडचा रुग्ण मुंबईची आणि राजापूरचा रुग्ण कोल्हापूरची वाट धरतो. म्हणून आपल्या आमदारांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. आरोग्याचा प्रश्न विचारताना तालुकावार रिक्त पदे, औषधसाठा, रुग्णवाहिका यांचे आकडे मागा. उत्तर मोघम आले तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा लावा. मंत्र्याने शब्द दिला तर तो आश्वासन समितीपुढे तडीस न्या. आणि मतदारांनीही किती प्रश्न विचारले एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांतल्या किती प्रश्नांनी दवाखान्यात डॉक्टर आणला, याचा हिशेब प्रत्येक आमदाराकडून दरवर्षी मागून घ्यावा.