सुट्टीला येऊ, राहायला नको

टेक्सासचे आमचे मेव्हणे दर फोनला म्हणतात, "इकडे या. मुलांना घरी शिकवलं तर कोणी विचारत नाही, २०२१ पासून पिस्तुलालाही परवाना नको!" आम्ही पापाकुरात लेकीला घरीच शिकवतो. त्यासाठी शिक्षण मंत्रालयाची सूट घेतली. शाळेइतकंच नियमित आणि चांगलं कसं शिकवणार, ते लिहून द्यावं लागलं. कटकट झाली खरी, पण त्यामुळे आम्हीच नीट विचार केला. बंदुकीचं म्हणाल, तर १५ मार्च २०१९ला क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. महिन्याभरात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर देशभर बंदी आली. स्वसंरक्षण हे कारण इथे परवान्याला चालतच नाही. मेव्हण्यांना हा जाच वाटतो. मला तो हवा आहे. सुट्टीला येऊ, भाऊजी, राहायला नको.