दातांचा दवाखाना आणि खारं वारं

मंडळी, ज्याने जन्मभर खडू झिजवला त्याने कॉम्प्युटरवर बोलावं का, असा प्रश्न काहींना पडेल. जरूर पडावा. पण परवा घरात वाद झाला तेव्हा मी गप्प बसलो नाही, इथेही बसणार नाही.

झालं असं. सूनबाई दातांची डॉक्टर. श्रीवर्धनला तिचा छोटा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक मदतनीस मुलगी, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. आता तिला दवाखान्याचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. अपॉइंटमेंट, केसपेपर, बिलं, एक्स-रे सगळं एका ठिकाणी. उत्तम! सॉफ्टवेअरशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्याबरोबर आलेल्या कोटेशनशी. एक सर्व्हर, दोन 'आय सेव्हन' मशीनं, त्यांत ग्राफिक्स कार्डं, सत्तावीस इंची पडदा. आणि यूपीएस? शेवटच्या ओळीत, 'ऑप्शनल' म्हणून.

ऑप्शनल! आणि तेही श्रीवर्धनात!

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या, विजेचे खांब आडवे. कित्येक दिवस वीज नाही, फोनला रेंज नाही. दवाखान्यावरचे पत्रे उडाले आणि कॉम्प्युटर भिजला. बॅकअप होता की! त्याच टेबलाच्या खणात ठेवलेल्या डिस्कवर. तीही भिजली. एका कोळीण आजींचं रूट कॅनल मार्चच्या लॉकडाऊनमुळे अर्धवट राहिलं होतं. दाताच्या तिन्ही नळ्यांची मोजलेली लांबी आणि एक्स-रे, दोन्ही त्या मशीनमध्ये. पुढे आजी आल्या तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. सूनबाईला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या शाळेत जनरल रजिस्टर असे. आग लागली तर आधी मुलं आणि मग हे रजिस्टर बाहेर काढायचं, असं आमचे हेडमास्तर बजावत. चाळीस वर्षांनी माणूस जन्मतारखेचा दाखला मागायला येतो तेव्हा त्याला टेबल केवढं होतं याच्याशी कर्तव्य नसतं, नोंद आहे की नाही एवढंच असतं. दवाखान्याचं याहून वेगळं काय आहे?

म्हणून मी भाच्याला फोन केला (तो पुण्यात याच धंद्यात आहे) आणि वही घेऊन बसलो. दातांच्या डिजिटल एक्स-रेचं एक चित्र काही एमबीच्या पलीकडे जात नाही. ग्राफिक्स कार्ड लागतं ते जबड्याचा त्रिमिती स्कॅन हाताळायला, आणि ते यंत्र हिच्याकडे नाही, घ्यायचा विचारही नाही. एका खुर्चीच्या दवाखान्यात सर्व्हर कशाला? आतल्या मशीनवर नोंदी ठेवाव्यात, बाहेरच्याने त्या नेटवर्कवरून वाचाव्यात. झालं.

खरी मेख एक्स-रेच्या सेन्सरमध्ये आहे, आणि कोटेशनात त्याबद्दल एक अक्षर नाही. तो यूएसबीने जोडायचा. साध्या यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे नेली तर भरवसा नाही, म्हणजे मशीन खुर्चीजवळच हवं. शिवाय सेन्सरचा ड्रायव्हर कुठल्या विंडोजवर चालतो हे आधी लेखी घ्यावं, मग मशीन ठरवावं. विक्रेत्याने 'स्वस्तातला पर्याय' म्हणून एक जुनं, डागडुजी केलेलं मशीनही सुचवलं, विंडोज 10 वालं. त्या विंडोजचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि टीपीएम 2.0 नाही म्हणून विंडोज 11 त्यावर रीतसर चढत नाही. शिळी मासळी धुऊन ताजी म्हणून विकतात, त्यातला प्रकार!

आणि खारं वारं? मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. पंखा ती हवा आत ओढतो, सर्किटवर ओलसर थर बसतो आणि तांबं खाल्लं जातं. आमच्या खिडकीचे गज बघा म्हणजे कळेल. तेव्हा बिनपंख्याचं छोटं मशीन, आत एसएसडी, आणि ते खिडकीपासून लांब. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर भरमसाट वीज ओढतो, म्हणून कॉम्प्युटरची लाईन वेगळी. यूपीएस दोन्ही मशीनांना, निदान चालू काम जतन करून नीट बंद करण्यापुरता.

भाचा म्हणतो, "मामा, सगळं क्लाउडवर टाका, डोकेदुखी संपली." अरे बाबा, निसर्गनंतर रेंज नव्हती तेव्हा तुझ्या क्लाउडला हाक कशी मारली असती? क्लाउड हवाच, पण तेवढाच नको. एक डिस्क घरी यावी, दुसरी दर महिन्याला पेणला मुलीकडे जावी. एकाच खणात दोन्ही ठेवणं म्हणजे उत्तरपत्रिका आणि तिची झेरॉक्स एकाच पिशवीत घालून होडीत बसणं.

त्याच कोटेशनच्या पाठीवर मी पेन्सिलीने नवी यादी केली. सर्व्हर आणि कार्डं खोडली, यूपीएस पहिल्या ओळीत घेतला. सूनबाईने ती फोनवरून विक्रेत्याला वाचून दाखवली. त्याने विचारलं, "मॅडम, हे कोणी काढलं?"

"आमच्या सासऱ्यांनी."

"ते काय करतात?"

"मराठी शिकवायचे."

त्यानंतर त्याचा फोन नाही. सेन्सरवाल्याकडून मात्र काल लेखी उत्तर आलं, ते सूनबाईने फाईलला लावलंय.