ताट रिकामे परत जात नाही

सणाचा दिवस एकच असतो. घर मात्र त्याच्या आधीचे पंधरा दिवस तो सण जगत असते. दिवाळी आपल्याला आठवते ती लक्ष्मीपूजनापेक्षा भाजणीच्या वासाने आणि माळ्यावरून खाली आलेल्या पितळी डब्यांनी. नाताळचेही तसेच आहे. शहरातल्या दुकानांच्या काचांवर कापसाचे बर्फ चिकटले की नाताळ आला असे आपण समजतो. पण ज्या घरांचा तो सण आहे, तिथे तो आधी स्वयंपाकघराच्या दाराने आत येतो.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी गोव्यात, सासष्टी तालुक्यातल्या एका गावी बँकेच्या शाखेत होतो. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यातले सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आटोपले की काउंटरवरची गर्दी बदलायची. बोटीवर नोकरी करणारे तार्वटी रजेवर घरी आलेले असत. आखातातून पाठवलेले पैसे खात्यांत जमा होत. पासबुक घेऊन आलेल्या बायका रांगेत उभ्या राहूनच नारळ किती, माडाचा गूळ किती, मैदा किती, याचा हिशेब बोटांवर मांडत. त्या हिशेबात घरच्या माणसांइतकाच शेजारच्या घरांचा आकडा असे, हे मला दुसऱ्या वर्षी कळले.

घराची तयारी बाहेरून सुरू होते. पावसाळ्याने काळवंडलेल्या भिंतींना रंगाचा हात मिळतो. मुले बांबूच्या काड्या, रंगीत कागद आणि खळ घेऊन ‘नखेत्र’, म्हणजे चांदणी, करायला बसतात. ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात हिरवळ हवी म्हणून दीड-दोन आठवडे आधी मातीत नाचणी पेरतात. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालणाऱ्या आपल्या आयाबायांना ते कोवळे कोंब परके वाटणार नाहीत.

मग चूल पेटते. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून दोदोल आटवायला घेतात. ते दोन-तीन तास सतत ढवळावे लागते. हात बदलतात, कलथा थांबत नाही. बेबिंकाची तऱ्हा वेगळी. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, आणि जुन्या पद्धतीत निखारे झाकणावर, म्हणजे वरून. घाई केली की थर एकमेकांत मिसळलेच. कुलकुलांना मात्र सगळे घर लागते. पिठाची इवलीशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखा आकार येतो. परातभर कुलकुले एकट्या माणसाचे काम नव्हे. त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळे एका पंगतीला बसतात, आणि वर्षभर न बोललेल्या गोष्टी त्या परातीभोवती बोलल्या जातात.

हे सारे जिन्नस एका ताटात रचून, वर विणलेला रुमाल घालून, शेजारीपाजारी पाठवतात. याला ‘कोन्सुआद’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज. पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचे घरच्यांचे जेवण. गोव्याने तो शब्द घेतला आणि जेवण उंबऱ्याबाहेर काढून शेजाऱ्याच्या दारी नेले. ताट हिंदूंच्या घरीही जाते. चवथीला आणि दिवाळीला त्या घरातून नेवऱ्या, लाडू आलेले असतात. नेवरी म्हणजे आपली करंजी. एकच पदार्थ वर्षातून दोनदा तोच रस्ता उलटसुलट चालतो, आणि त्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही.

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो, तिथे नाताळचे गोड करत नाहीत. आपल्याकडेही दुःखाच्या घरी सणाची कढई चढत नाही. फराळ शेजारून येतो. तसेच तिथेही शेजारची ताटे येतात. गोड खाण्याची इच्छा कोणालाच नसते. तुमचे दार आम्ही विसरलो नाही, एवढाच त्याचा अर्थ. सांत्वनाचे शब्द भल्याभल्यांना सुचत नाहीत. ताट हातात असले की शब्दांची अडचण राहत नाही.

आयुष्यभर जमा-खर्च पाहिलेल्या माणसाला या व्यवहारात एक गंमत दिसते. बँकेत देणे फिटले की कर्जाचे खाते बंद होते आणि दोन्ही बाजू सुटकेचा श्वास टाकतात. शेजारधर्मात ते फिटूच द्यायचे नसते. आलेले ताट रिकामे परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्या घरांतली शिकवण त्यासाठीच होती. दर खेपेला कोणाचे तरी थोडे देणे राहते, म्हणून पुढची खेप होते. ज्या दिवशी सगळे फिटेल, त्या दिवशी नातेही संपेल.

आज अडचण आली आहे ती इथेच. 2023 साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने पदार्थाचे नाव राखता येते, पदार्थाची ये-जा राखता येत नाही. सासष्टीतली अनेक मुले आखातात, पोर्तुगालमध्ये, इंग्लंडमध्ये आहेत. कित्येक घरांना कुलूप आहे. कित्येकांत एकटी म्हातारी माणसे आहेत, आणि त्यांच्या हातून तीन तास दोदोल ढवळले जाणार नाही. गोडाची तयार खोकी आता बेकरीत मिळतात, घरपोचही येतात. कोकणातल्या, वसईतल्या, पुण्या-मुंबईतल्या फराळाचे याहून वेगळे काय झाले आहे?

यावर गळा काढावा असे मला वाटत नाही. त्या जुन्या चुलीपुढे धुरात उभ्या राहून बायकांचे डोळे आणि कंबर गेली, हेही आपण विसरू नये. पुरुषमंडळी व्हरांड्यात बसून चव तेवढी सांगत होती. ज्या घरात ते कष्ट झेपत नाहीत, तिथे गोड विकत आणावे. त्यात कमीपणा नाही. करणाऱ्या बाईच्या हाताला चार पैसे मिळतात, हेही चांगलेच. आणि घरी करायचेच असेल, तर परातीभोवती पुरुषांनीही बसावे. कुलकुल गुंडाळायला ताकद लागत नाही, फक्त वेळ लागतो.

विकत आणू नये ते एकच: ताट नेऊन देणे. माणूस स्वतः ताट घेऊन गेला की दारात दोन मिनिटे थांबतो. त्या दोन मिनिटांत त्याला दिसते की आजीला आता समोरचा माणूस ओळखू येत नाही, आजोबांचा पाय सुजला आहे, औषधाची पट्टी संपत आली आहे. परदेशातल्या मुलाला फोनवर जे सांगितले जात नाही, ते शेजाऱ्याला उंबऱ्यावरून दिसते. घरपोच खोके आणणाऱ्या पोराला ते दिसायचे कारण नाही. त्याला पुढच्या दहा घरांची घाई असते.

नाताळला आता थोडेच दिवस उरले आहेत. आपल्या मजल्यावर, आळीत, वाड्यावर एखादे ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्यांच्या घरी या दिवसांत माणसे किती आणि हात किती, एवढे विचारावे. दिवाळीत त्यांच्याकडे ताट पाठवायचे राहिले असेल, तर आता न्यावे. उशिराचे व्याज कोणी लावत नाही. आणि त्यांचे ताट आले, तर ते धुऊन, पुसून, त्यात काहीतरी घालून आपणच परत द्यायला जावे. मुलांना सोबत न्यावे. पुढची खाती त्यांनाच सांभाळायची आहेत.