सादळलेल्या कागदाचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हा भातशेतीचा तालुका. पावसाळ्यात येथे मिठाला पाणी सुटते, पापड सादळतो आणि शेजारच्या फळीवरचा पुठ्ठाही सादळतो. पापड तोंडात घालताच कळतो. पुठ्ठ्याचे मात्र पार्सल फुटल्यावर कळते.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर काचेची बरणी किंवा मूर्ती पाठवताना अनेकांनी कागदी आधार स्वीकारला. ही वाट जुनीच आहे. बाटल्या गुंडाळण्यासाठी नालीदार कागद वापरण्याचे पेटंट न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये घेतले होते.

चुरगळलेल्या कागदाच्या घड्या आणि पुठ्ठ्यातील नाल्या ताठ असतात. वस्तू आदळली की त्या दबतात आणि धक्क्याचा जोर त्या दबण्यातच खर्ची पडतो. हा ताठपणा कागदाच्या तंतूंच्या परस्पर बंधांतून येतो. हवेतील बाष्प तंतूंत शिरले की हे बंध सैलावतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना कागदाच्या वजनात साधारण ७ ते ८ टक्के पाणी असते. ९० टक्क्यांना ते जवळपास दुप्पट होते आणि खोक्याची भार पेलण्याची शक्ती सुमारे निम्म्यावर येते. मग आतला कागद वस्तूच्या वजनानेच प्रवासात दबून जातो. प्रत्यक्ष धक्का बसतो, तेव्हा खात्यात शिल्लक उरलेली नसते.

उन्हात वाळवल्याने ही शिल्लक परत येत नाही. कागद कोरडा होतो, पण चपटी झालेली घडी पुन्हा उभी राहत नाही. ओझ्याखाली असताना आलटून पालटून ओलावा आणि कोरडेपणा सोसणे तर सततच्या ओलाव्याहूनही घातक ठरते. शिवाय रद्दी वजनावर घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की ओलसर कागदात पैसे पाण्याचेही मोजले जातात.

उपाय साधे आहेत. कागद आणि खोकी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून न ठेवता लाकडी फळीवर, बंद पिशवीत ठेवावीत. पावसाळ्यात भरण थोडी अधिक आणि घट्ट करावी, एकावर एक खोकी कमी रचावीत. बाहेरून जलरोधक वेष्टन घालण्यापूर्वी आतला कागद कोरडा असल्याची खात्री करावी. नाहीतर ओल आतच कोंडते. भरलेले खोके हलवून पाहावे. वस्तू सरकल्याचा आवाज आला, तर ते पुन्हा उघडून भरण्यातच शहाणपण आहे.