दानाची पुस्तके आणि वर्गणीचे वाचनालय

ग्रंथालय काढिले कोणी, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हे. नांदेड व लातूर येथील नागरिकांस तो आजही विचारण्याजोगा आहे. गोव्यात पाद्र्यांनी १५५६ साली छापखाना आणिला. तथापि त्यांचे ग्रंथसंग्रह मठांच्या भिंतींआडच राहिले. सार्वजनिक ग्रंथालय तेथे निघाले ते १८३२ साली, सरकारी हुकुमाने. मठ बंद पडल्यावर तेथील ग्रंथही त्यात आले. अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत थॉमस ब्रे या धर्मोपदेशकाने सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथालये स्थापिली. हेतू उदात्त खरा. परंतु पुस्तके बहुतांशी धर्मशास्त्राची आणि दाता समुद्रापलीकडे. देणारा हात थांबताच त्यांतील बहुतेक संग्रह निस्तेज झाले. उलट १७३१ साली फिलाडेल्फियात फ्रँकलिन व त्याच्या मित्रांनी पन्नास वर्गणीदार मिळवून काढिलेली संस्था आजही उभी आहे.

आमच्याकडेही अहमदनगर (१८३८) व पुणे (१८४८) येथील वाचनालये टिकली, ती नागरिकांनी आपली मानिली म्हणून. निजामी मराठवाड्यात राजकारभार उर्दूत. तरीही परभणीस १९०१ साली गणेश वाचनालय निघाले. तेव्हा अनुदान नव्हते, जिद्द होती.

मद्रासने १९४८ साली ग्रंथालयांसाठी कर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने तसे न करिता, लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांस वर्गवारीने अनुदान देण्याची वाट धरिली. याचा अर्थ उघड आहे: संस्था लोकांची, सरकार साहाय्यक. आम्ही मात्र साहाय्यासच मूळ भांडवल समजून बसलो!

अनुदान अपुरे आहे, हे आम्हांस मान्य आहे आणि ते वाढलेच पाहिजे. पण लातुरात वा नांदेडात अभ्यासिकेतील खुर्चीसाठी जो पालक बिनतक्रार पैसे मोजतो, त्यासच वाचनालयाची वर्गणी जड का व्हावी? प्रश्नसंच परीक्षेबरोबर संपतात; वाचनाची गोडी जन्मभर पुरते. आडत्याने, कापडवाल्याने, सराफाने आपल्या कीर्दीत वाचनालयाचे एक खाते घालावे. आणि वर्गणी देऊन थांबू नये. वार्षिक सभेस जावे, हिशेब विचारावा, कार्यकारी मंडळात स्त्रियांस व श्रमकरी जातींतील वाचकांस बसवावे. पाद्र्यांचा संग्रह धर्माने आखडला, तसा आमचा जातीने आखडू नये.

दान देणाऱ्यापाशी हिशेब मागता येत नाही. वर्गणीदार मात्र वाचनालयाचा मालक असतो. ही मालकी आपण घेणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.